डेमोत रमलेली ताई

आमच्या कंपनीत सोफे बनतात. दिवसा बसायचं, झोपताना ओढून पलंग करायचा, अशा जातीचे. वेबसाइटसाठी वाक्यं लिहिणं हे माझं काम, आणि ती वाक्यं कुणी ऐकतं का हे मोजणं हे माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं. त्याला सगळं ऑफिस टक्के म्हणायचं. चहाचा घोट घेतला तरी तो "सत्तर टक्के बरा आहे" म्हणायचा. मग दुसरं काय नाव पडणार?

वेबसाइटवर आम्ही एक डेमो टाकला होता. पडद्यावरच्या सोफ्याला बोट लावून ओढलं की तो उघडायचा, ढकललं की मिटायचा. रंग बदलता यायचे, गोल फिरवता यायचा. प्रत्येक पायरी जमली की एका बाईचा गोड आवाज यायचा, "वा! अगदी छान जमलं तुम्हाला!" हे वाक्य माझं. त्यात फार काही साहित्य नाही, हे मला मान्य आहे.

बघणारा माणूस किती वेळ थांबतो, कुठे बोट लावतो, कुठे कंटाळून पळतो, ते टक्केच्या स्क्रीनवर दिसायचं. माणूस कोण हे कळायचं नाही, नुसता ठिपका. याला म्हणायचं एंगेजमेंट. घरी त्यानं हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तेव्हा त्याचे सासरे म्हणाले होते, "बरं, मग लग्न कधी?"

बहुतेक ठिपके यायचे, सोफा अर्धवट उघडायचे आणि गुल व्हायचे. टक्के ते मनाला लावून घ्यायचा. "अरे, उघडा टाकून गेला! निदान मिटून तरी जायचं!" ही मोजण्याची खोड घरातही शिरली होती. बायकोशी बोलताना तो तिची नजर कुठल्या शब्दाला शेगडीकडे वळते ते बघत बसायचा. त्याची बायको दातांच्या दवाखान्यात काम करते, माणसांची तोंडं उघडी ठेवायची तिला सवय आहे, पण एके दिवशी तीही वैतागली.

"अहो, तुम्ही बोलताय की माझी परीक्षा घेताय?"

"दुसऱ्याच वाक्याला तुझं लक्ष उडालं."

"मग पहिल्याच वाक्यात आटपत जा ना."

अशात एक ठिपका आला आणि थांबला. दुपारी यायचा आणि बराच वेळ रमायचा. सोफा उघड, मीट, फिरव, रंग बदल, पुन्हा उघड. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. आठवडाभरात त्या एका ठिपक्यानं आमची सरासरी अशी काही वर नेली की मोठ्या बाईंनी सगळ्यांना मीटिंगला बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या जाहिरात विभागाच्या प्रमुख. उंचीनं लहान, पण हुद्द्यानं मोठ्या.

"ही नोकरी करणारी तरुणी आहे," बाई डोळे मिटून म्हणाल्या. जणू ती त्यांना आत दिसत होती. "नवीन घर घेतलंय. जेवणाच्या सुट्टीत येते. घाईनं निर्णय घेणाऱ्यांतली नाही."

"पण बाई, ती काहीच विकत घेत नाहीये," टक्के म्हणाला.

"विचार करतेय!"

त्या दिवसापासून तिचं नाव 'आपली ताई' पडलं. मीटिंगच्या खोलीत भिंतीवर तिचा फोटो लागला. हसरी मुलगी, मांडीवर लॅपटॉप, शेजारी कुंडी. फोटो कुठला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण काही ठरवायचं झालं की सगळे भिंतीकडे बघायचे. ताईला हे आवडेल का? ताईला उशी चौकोनी हवी की लांबट? माझ्या एका वाक्यावर तर "ताई असं बोलत नाही" म्हणून काट मारली गेली.

मग टक्केनं दाखवलं की ताई जांभळ्या रंगावर फार वेळ रेंगाळते. जांभळा रंग डेमोत नुसता शोभेला होता, खरा सोफा त्या रंगात बनतच नव्हता. बाईंनी टेबलावर थाप मारली. कारखान्याला निरोप गेला. कारखान्याचे मुकादम ऑफिसात येऊन विचारून गेले, "नक्की ना? वांग्यासारखा होतो तो." बाईंनी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं. जांभळे सोफे तयार होऊन गोदामात जाऊन पडले.

मधे टक्केची दाढ दुखायला लागली. बायकोच्याच दवाखान्यात ती उपटून, गालात कापूस धरून, तो भर दुपारी घरी आला. दार उघडलं तर आतून ओळखीचा आवाज.

"वा! अगदी छान जमलं तुम्हाला!"

पाठोपाठ सासऱ्यांचा आवाज. "थँक्यू हं बाई. आता जरा करडा करू या."

सासरे बायकोच्या माघारी एकटे पडले म्हणून लेकीकडे राहायला आले होते. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेली. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात हयात गेली. त्यांनी कुणाला चांगलं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं, आणि त्यांना कुणी चांगलं म्हणण्याचा प्रश्न नव्हता, कारण चूक सापडली तर ते त्यांचं कामच होतं, आणि राहिली तर ओरडा. घरातला जुना टॅबलेट मांडीवर घेऊन ते आमच्याच कंपनीच्या सोफ्यावर बसले होते आणि पडद्यावर तोच सोफा उघडत होते.

टक्केला तोंड धड उघडता येत नव्हतं. "बाबा, हे... रोज?"

"जेवण झाल्यावर. का हो जावईबापू, पैसे पडतात का याला?"

"नाही. पण सोफा तर आपल्याकडे आहे."

"आहे ना. पण तो उघडला तर कोण काय म्हणतं?" सासरे म्हणाले. "ही बाई बरी आहे. दरवेळी छान म्हणते. खोटं म्हणत असेल, मला कळतं. पण खोटं म्हणायला तरी कोण बसलंय?"

टक्के गाल धरून खुर्चीवर बसला. शेवटी त्यानं विचारलं, "जांभळ्यावर एवढा वेळ का थांबायचात?"

"जांभळ्यावर?" सासरे आठवू लागले. "शेवटचा रंग ना तो? तोवर माझी चहाची वेळ होते. दूध ओतू जाईल म्हणून मी उठून जातो."

दुसऱ्या दिवशी त्यानं हे मला सांगितलं तेव्हा मी हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिलो. त्याला हसू येत नव्हतं. "बाईंना सांगायला हवं," म्हणाला. मी म्हटलं, अरे, जांभळ्याचं तरी गाळ. पण अर्धवट सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी मनात त्याला निरोपाचा हारसुद्धा घातला होता.

"वय काय त्यांचं?" बाईंनी विचारलं.

"सत्तरीच्या पुढे."

"म्हणजे आपण ज्येष्ठांपर्यंत पोचलो!" बाई उठून उभ्या राहिल्या. "आणि हे मला आज सांगताय?"

संध्याकाळपर्यंत ताई भिंतीवरून उतरली आणि तिथे पांढऱ्या केसांचे, पळायचे बूट घातलेले एक आजोबा आले. जांभळ्या सोफ्यांबद्दल कुणी काही बोललं नाही. ते पुढे एका नाटकमंडळीला भंगाराच्या भावात दिले गेले. शिवाय बाईंनी एक सुधारणा केली. एवढे रमणारे लोक नुसते बघून जातात म्हणजे काय? आता शाबासकी हवी असेल तर आधी मोबाइल नंबर द्यायचा.

सासऱ्यांनी भाबडेपणानं दिला. तासाभरात फोन आला. विक्री विभागातली एक मुलगी कागदावरचं वाचत होती, "सर, सोफा कधी घेताय आपण?"

"घेतलाय की. त्याच्यावर बसूनच बोलतोय."

कागदावर याला उत्तर नव्हतं. ती तिथेच अडली, आणि तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चौथ्या फोनला सासरे डेमोला विटले आणि टॅबलेट कपाटात गेला. आमचा आलेख धाडकन जमिनीवर आला. मात्र फोन येत राहिले, आणि फोन ते घेत राहिले.

एका रविवारी टक्के घरी होता. फोन वाजला. सासऱ्यांनी चष्मा लावला, फोनवर बोलायला चष्मा कशाला लागतो देव जाणे.

"पुन्हा तेच वाचतेस? 'आपल्या सोयीची सोय' हे काय गं? एक सोय काढून टाक. हं, वाच आता." ते ऐकत राहिले. "अस्सं. आवाज चांगला आहे तुझा. छान बोलतेस."

मग त्यांनी चष्मा काढला आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"रडतेस कशाला?" सासरे म्हणाले. "सकाळपासून किती जणांनी खेकसलं तुझ्यावर? ... असू दे. पाणी पी आधी."

फोन ठेवल्यावर ते थोडे ओशाळले. टक्के त्यांच्याकडे बघत होता, पण त्या वेळी त्यानं काही मोजलं नाही, असं तो शपथेवर सांगतो.

त्याची बदली आता खुर्च्यांच्या विभागात झालीय. मला त्याच्याशिवाय चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. नवा माणूस फारच कमी बोलतो. परवा टक्के जिन्यात भेटला तेव्हा सांगत होता, की घरी गेल्यावर त्यानं सासऱ्यांना सहज विचारलं, "बाबा, छापखान्यात सगळ्यात मोठी चूक कुठली सापडली होती तुम्हाला?" आणि तो शेजारी बसला. म्हाताऱ्यानं अक्षरांचे खिळे हातानं जुळवण्याच्या काळापासून सुरुवात केली. पानं वाढून झाली, भाजी निवली, बायको दोनदा हाक मारून गेली. तिसऱ्यांदा येऊन तिनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"थांब गं," टक्के म्हणाला. "आत्ता कुठे मालकाचं नाव उलटं छापलंय."