मरण वाध्यार

माझा मामा लग्नाच्या पंगतीत बसला की मरणाविषयी बोलायचा. पुढ्यात केळीच्या पानावर पायसम, शेजारी नवरदेवाचे वडील, आणि मामा सांगत असायचा, "आत्ता, या घडीला, तुमच्या अंगातल्या कितीतरी पेशी आपण होऊन जीव देताहेत. त्या देतात म्हणून तुम्ही जगता!" नवरदेवाचे वडील हळूच दुसऱ्या पानावर सरकायचे. मामा कुंभकोणमच्या एका कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवायचा. मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं 'मरण वाध्यार'.

आमच्याकडे वाध्यार म्हणजे मास्तरही आणि भटजीही. त्यामुळे एकदा पट्टीश्वरमहून एक गृहस्थ पत्ता विचारत थेट त्याच्या दारात आले. वडील वारले होते, दहाव्याला भटजी हवा होता. मामाने त्यांना बसवलं, कॉफी दिली आणि पेशी कशी मरते ते पहिल्यापासून सांगितलं. गृहस्थांनी हात जोडून सगळं ऐकलं. उठताना म्हणाले, "सामी, मंत्र काही कळले नाहीत, पण अर्थ फार चांगला सांगता. सामान काय काय आणू?"

नव्वदीच्या दशकात आईला संधिवात झाला. मामा तिचा धाकटा भाऊ; तिला तो अक्का म्हणे आणि घाबरेही. सकाळी तिची बोटं इतकी आखडायची की कॉफीचा पेला दोन्ही तळव्यांत धरावा लागे. दारातली रांगोळी मी काढू लागले, आणि ती पाहून आई रोज तोंड फिरवून आत जाई. तंजावरच्या डॉक्टरांनी आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी दिली. गोळीचं नाव वाचून मामा आनंदाने जवळजवळ नाचलाच.

"अक्का, तुझ्या अंगातल्या रखवालदार पेशींचं डोकं फिरलंय. चोर सोडून तुझेच सांधे कुरतडताहेत. ही गोळी एक एन्झाइम अडवते. एन्झाइम म्हणजे पेशीच्या मुदपाकखान्यातला आचारी समज. आचारी अडला की माजलेल्या पेशींना वाढायला सामग्री मिळत नाही, आणि त्या आपण होऊन मरतात!"

आईने गोळी खाली ठेवली. "म्हणजे उपाशी ठेवून मारायचं? आपल्या घरात?"

"अक्का, ते पाहुणे नव्हेत."

"माझ्या अंगातले ना? मग माझेच की. नको रे बाबा, हे पाप."

मामाने फळ्यावर चित्रं काढली, नवे शोधनिबंध वाचून दाखवले. आई हलेना. आठवडे गेले. एका सकाळी तिला पदरही खोचता येईना. मामा दारात उभा होता. त्याने ते पाहिलं आणि तसाच मटकन खाली बसला. त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. आईच गोंधळली.

"काय रे, बोलत का नाहीस?" मग थोडं थांबून तिनेच विचारलं, "त्या मरताना तळमळतात का?"

"नाही गं अक्का," मामा हळूच म्हणाला. "फुटत नाहीत, घाण करत नाहीत. आपली आपण आवराआवर करतात, लहान लहान गाठोडी होतात, आणि शेजारच्या पेशी त्यांना पोटात घेतात. कुणाला कळतही नाही."

आईने गोळ्यांची पुडी जवळ ओढली. "बऱ्या शहाण्या दिसतात. तुझ्यापेक्षा," असं म्हणून तिने पाणी मागितलं.

काही महिन्यांनी तिने रांगोळीची वाटी माझ्या हातातून काढून घेतली. "सर बाजूला. तुझ्या रेघा बेवड्यासारख्या चालतात."

पुढे मी एम.एस्सी.साठी पुण्याला निघाले. मामा मला मद्रासच्या गाडीत बसवायला आला आणि डब्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंना पेशी समजावू लागला. गाडी सुटली, तरी त्याला पत्ता नाही. शेवटी आडुतुरै स्टेशनवर मी त्याला ढकलून उतरवलं. खाली तिकीट तपासनीस उभाच होता. खिडकीतून पाहिलं, तर मामा बोट वर करून त्याला काहीतरी सांगत होता आणि तपासनीस मान डोलावत होता.

मामाला मी पाहिलं ते शेवटचं. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्याचं हृदय थांबलं, आणि मी पोहोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आता पुण्यात हाच विषय मी शिकवते. पेशी कशी मरते त्या धड्यापाशी आले की तास संपल्याची घंटा मला ऐकू येत नाही. मुलांना येते, पण ती उठत नाहीत.