फादरनं शिंपडलेलं पाणी

आजही ती संध्याकाळ आठवली की सुटल्यासारखं वाटतं, बाई!

आमचं गाव टेंभुर्णीच्या बाजूचं. सरकारी शाळा होती की गावात, न्हाई कशाला म्हणू? पण तिथं आमच्या वस्तीतल्या पोरांना दारापाशी वेगळं बसवायचे. फादरची शाळा चर्चच्या ओसरीत भरायची आणि तिथं सगळ्यांना एकच तरटपट्टी. एवढ्यासाठीच बानं, म्हणजे माझ्या वडलांनी, मला तिथं घातलं. बानं छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. वस्तीतले लोक म्हणाले, "पोरगी बाटंल तिथं." बा तडकला, "तसं झालं तर त्याच दिवशी काढून आणीन. बस्स!" ते माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मी तिसरीत असताना शाळेला पत्र्याची नवी खोली झाली. भिंती बानंच रचल्या, मजुरीवर. खोली उघडायच्या दिवशी सगळं गाव जमलं. फादर बादलीत लिंबाची डहाळी बुडवून मंत्र म्हणत पाणी शिंपडत आले. दारावर, फळ्यावर, मधेच घुसलेल्या शेळीवर, आणि फटकन माझ्या तोंडावर! पाटलाची पोरगी माझ्याआड लपून कोरडी राह्यली आणि वर म्हणते कशी, "झाली तू किरिस्ती! पाणी पडलं की संपलं."

फ्रॉकनं तोंड घासघासून पुसलं. आता ही शाळा सुटणार, मंग सरकारी शाळेतलं ते दार, ते वेगळं बसणं. घरी आले ती भाकर तशीच बाजूला सारली.

"काय झालं गं?" बानं विचारलं.

मी भोकाडच पसरलं. "बा, मी किरिस्ती झाले! फादरनं पाणी टाकलं. पण मी मुद्दाम न्हाई झाले, मला काढू नको शाळेतून!"

बा असा हसला की खोकलाच लागला त्याला. "आगं येडे, नुसत्या पाण्यानं धरम बदलत असता तर आम्ही हिरीतच उड्या मारल्या असत्या."

"हिरीवर चढू कोण देत होतं?" माय चुलीपुढून म्हणाली.

"तेच तर!" बानं डोळे पुसले. "ती बादली कुणी भरून दिल्ती, ठावं हाय? मी. माझ्या हातचं पाणी होतं ते. आन् पाटलानं पागोटं काढून, मान वाकवून डोक्यावर घेतलं, बिलकुल गपगुमान! उद्या जल्दी ऊठ, शाळेत जायचंय."

मी भाकर पुढं ओढली.