होस्ट्यावरची छत्री

आमच्या शेजारचे गृहस्थ जळगावात होस्टा लावतात. होस्टा हे थंड, ओल्या मुलखातलं झाड. त्याला घंटेसारखी जांभळट फुलं येतात. इथल्या उन्हात केळीची पानंसुद्धा करपतात, पण केळीचा फोटो कॉलनीच्या ग्रुपवर कोण बघणार?

फुलाची मान सरळ राहावी म्हणून ते दांडा काडीला बांधतात आणि पिचकारीने पाणी मारून भर दुपारी दव पाडतात. कोणी कौतुक केलं की छातीवर हात ठेवून म्हणतात, “बठ्ठं मीच करस.” खरं तर ते बठ्ठं, म्हणजे सगळंच, त्यांची बायको करते. फोटो चालू असताना फुलावर छत्रीही तीच धरते, स्वतः उन्हात उभी राहून.

परवा मी कुंपणावरून पाहिलं, तर तिचा चेहरा लालबुंद झाला होता. “हात भरी उना,” छत्री दुसऱ्या हातात घेत ती म्हणाली.

“हालू नको. बोटं मांगे ले, फोटोत येतस,” मोबाइलमधून डोळे न काढता गृहस्थ म्हणाले.

मी फाटक उघडून आत गेले, छत्री मिटली आणि तिला आमच्या ओट्यावर सावलीत बसवून पाणी दिलं. गृहस्थ मागून ओरडले, “ताई, फूल सुकी जाई ना!”

“नाना, बायको सुकली असती,” मी म्हणाले.

त्यांना ते ऐकूच गेलं नाही. एका हातात छत्री, दुसऱ्यात पिचकारी घेऊन ते उभे राहिले आणि त्यांनी तिला हाक मारली, “चाल, फोटो काढ!”

तिने आणखी पाण्यासाठी पेला माझ्यापुढे केला आणि ती म्हणाली, “मना हात थरथरस. फोटो हाली जाई ना!”