वन्संची सांगकामी स्वप्नं

सकाळी वन्संचं स्वप्न सांगून होईपर्यंत आमच्या घरात कोणी भांडं वाजवायचं नाही, असा कायदाच होता. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. लग्न मोडून भावाकडे घाटकोपरला आल्या, त्या कायमच्याच. जाग आली तरी डोळे मिटून, कूस न बदलता पडून राहायच्या आणि एक बोट वर करायच्या. म्हणजे गप्प बसा, मी आठवतेय. "हललां की पळतां गो तां," म्हणायच्या. आणि मी कुकर हातात धरून उभी! डबे माझे, ऑफिसला उशीर माझा, स्वप्न बाईसाहेबांचं.

आधी त्यांची स्वप्नं चारचौघांसारखी होती, तोंड धुवेपर्यंत विसरायची. पायाला मुंग्या येतात म्हणून डॉक्टरांनी बी व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या आणि वाट लागली. मुंग्या होत्या तिथंच राहिल्या, स्वप्नं मात्र रंगीत झाली. त्यात फोनवर कुठल्याशा बाईचा व्हिडिओ पाहिला. पहाटे गजर लावून उठा, थोडा वेळ जागं बसा, गोळी घ्या, परत झोपा. मग स्वप्नात असतानाच कळतं की हे स्वप्न आहे. झालं, रोज पहाटे गजर! त्या परत घोरायला लागायच्या, मी टक्क जागी. "मोडलेल्या झोपेवरचां सपान दह्यासारखां घट्ट लागतां," हे वर मलाच ऐकवायच्या. डॉक्टरांना एकदा विचारा तरी, म्हटलं, तर म्हणाल्या, "डॉक्टराक खंय सपनां पडतत?"

आणखी एक खूळ होतं. दिवसातून कितीदा तरी तळवा डोळ्यांसमोर धरून बोटं मोजायच्या. पाच भरली तर आपण जागे, सहा-सात दिसली तर स्वप्नात. दिवसा सवय लागली की स्वप्नातही हात आपोआप वर येतो, असं त्या व्हिडिओवाल्या बाईनं सांगितलं होतं. भाजीवाला पैसे मागतोय आणि ह्या बोटं मोजतायत! मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं मला.

माझ्या लेकीला, तनूला टायफॉइड झाला तेव्हा याच वन्सं तिच्या उशाशी रात्ररात्र बसल्या होत्या, ते मी नाकारत नाही. पण म्हणून सगळं माफ, असं माझ्याच्यानं होणार नाही.

माझी आई चेंबूरला एकटी राहायची. न्हाणीत दोनदा पडली होती. तिला इकडे आणायचं, वन्संच्या खोलीत दुसरी खाट टाकायची, असं मी मोठ्या मुश्किलीनं ह्यांच्या गळी उतरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संचं बोट वर गेलं ते बराच वेळ खाली येईना. मग डोळे उघडून भावाकडे बघत म्हणाल्या, "बाबा इल्ले. दारात उभे ऱ्हवान सांगल्यानी, ह्या घरात आणखी खाट लावू नको."

बाबा म्हणजे माझे सासरे, जाऊन कितीतरी वर्षं झालेली. पण आमच्याकडे गेलेलं माणूस स्वप्नात येऊन बोललं की विषय संपला. हे खाली मान घालून म्हणाले, "बाबाच नको म्हणतायत तर राहू दे ना सध्या." मी काय बोलणार? जिवंत सासऱ्याशी भांडले असते हो. मी रोज ऑफिसमधून आईला फोन करायचे. ती म्हणायची, "सावकाश ने गं, मी काय पळून जातेय?"

आणि मग एका सकाळी वन्सं स्वतःच बोलून बसल्या. तोंड नुसतं फुललेलं. "सुमे, आता माका सगळां जमतां! काल बाबांका म्हटलंय बसा, बसले. म्हटलंय हसा, तर हसले. मी सांगतंय तसांच होतां."

मी चहाचं पातेलं खाली ठेवलं. "मग वन्सं, त्या खाटेचं कोण बोललं होतं? बाबा, की तुम्ही?"

वन्संचा चहा बशीतच राहिला. ह्यांनी फोनमधलं डोकं वर काढलं, बहिणीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, "रविवारी जाऊ. आईंना घेऊन येऊ."

त्याआधीच, गुरुवारी चेंबूरहून शेजाऱ्यांचा फोन आला. आई न्हाणीत पडली होती. दार तोडावं लागलं.

तेराव्यानंतर वन्सं माझ्या खोलीत आल्या. आपली खोली जाईल म्हणून घाबरल्या होत्या, की माझा राग होता, की खरंच बाबा दिसले होते, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. त्या दिवशीही नाही. माझ्या हातात गोळ्यांची पट्टी ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "पहाटे उठ, थोडी जागी बस, ह्यातूरली एक गोळी घे आणि झोप. आई येतली. तू सांगशीत तसां बोलतली."

मी पट्टी त्यांच्याच मुठीत परत कोंबली. म्हटलं, "वन्सं, मला आई स्वप्नात नको होती. तुमच्या शेजारच्या खाटेवर हवी होती."

पट्टी खाली पडली. त्यांनी तळवा डोळ्यांसमोर धरला आणि अंगठ्यापासून एकेक बोट मोजलं, मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मी बघत उभी होते. पाचच होती.