तात्पुरता निरोप्या

ऑफिसात तिला सगळे खात्रीबाई म्हणत. नाव शेजारच्या टेबलावरच्या चष्मेवाल्यानं ठेवलेलं, आणि अगदी मापात बसलेलं. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत वर जाणारी, कुलूप लावून वर दोनदा ओढून बघणारी, नवऱ्यानं "पोचलो" कळवलं तरी "नक्की ना?" विचारणारी बाई. आई ध्यानीमनी नसताना गेली, तेव्हापासून हे फारच वाढलं. फोन वाजला की ती धास्तावायची आणि नाही वाजला की त्याहून जास्त.

काम मात्र असं, की ते भित्र्या माणसानंच करावं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मनगटावर कंपनी एक पट्टा बांधते. पडलं, छातीत दुखलं, की त्यावरचं बटण दाबायचं. निरोप क्लाउडवर, म्हणजे कुठल्यातरी दूरच्या भाड्याच्या कॉम्प्युटरांवर जातो आणि तिथून मुलाबाळांच्या फोनवर. ते कॉम्प्युटर उभे करायचे, एकमेकांना जोडायचे, हे तिचं काम. पूर्वी ती ते स्क्रीनवर टिचक्या मारत हातानं करायची आणि घरी जाऊन तळमळायची, एखादी टिचकी राहिली असली तर? म्हणून तिनं हट्टानं सगळं कोडमध्ये लिहून काढलं. काय उभं असावं, कशाला जोडावं, ते फायलीत लिहायचं. यंत्रणा फाइल वाचते आणि आपणहून तसं उभं करते. माणसाचा हात लागायलाच नको. तेव्हा कुठे तिला जरा निर्धास्त वाटलं आणि बाबांच्या मनगटावरही तिनं तोच पट्टा बांधला.

"पट्टा कशाला? मी काय पळून चाललोय?" बाबा कुरकुरले. पण रोज सकाळी चहा झाला की ते बटण मुद्दाम दाबायचे. लेकीला कळावं, आपण आहोत.

तरी फायलीत न आलेल्या, पूर्वी हातानं केलेल्या बऱ्याच गोष्टी क्लाउडवर तशाच पडून होत्या. "ही अडगळ काढून टाका," साहेब म्हणाले. तिनं सफाईचं काम लिहिलं: यंत्रणेनं रोज पहाटे फिरायचं आणि फायलीत नाही ते पाडायचं. काय काय पडणार हे यंत्रणा आधी दाखवते. ते तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, चष्मेवाल्यालाही वाचायला लावलं. त्यात एक होतं 'तात्पुरता-चाचणी'. असल्या नावांचा तिथे सुकाळ होता. दोघांनीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली, तर पट्ट्यांचे निरोप दाखवणारा स्क्रीनवरचा फलक कोरा.

"आज म्हाताऱ्यांनी सुट्टी घेतली वाटतं!" चष्मेवाला म्हणाला.

तिला हसू आलं नाही. सकाळी काही ना काही येतंच. कुणाचं बटण अंघोळ करताना दाबलं जातं, कुणी नातवाला गंमत दाखवतं. आणि बाबांचा चहा तर केव्हाच झाला असणार. तिनं त्यांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच.

"तू आधी बाबांकडे जा. आत्ता. काही विचारू नकोस," तिनं नवऱ्याला सांगितलं आणि कुठे काय तुटलंय ते शोधायला बसली.

सापडलं तेव्हा तिच्या पायाखालची जमीनच सरकली. बटणाचे निरोप उचलून फोनवर धाडणारा छोटा प्रोग्राम जागेवर नव्हता. कंपनी सुरू झाली त्या गडबडीत तिनंच तो हातानं उभा केला होता. उद्या नीट करू म्हणून नाव दिलं होतं 'तात्पुरता-चाचणी'. तो उद्या काही उगवला नाही. आणि तो प्रोग्राम इतकी वर्षं एकदाही अडला नाही, म्हणून त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. तीही विसरली. पहाटे तिच्याच सफाईनं त्याला पाडलं होतं.

तिनं तो फायलीत लिहिला. घाईत साध्या ओळी चुकत होत्या. यंत्रणेनं त्याला पुन्हा उभं केलं आणि पहाटेपासून साठलेले निरोप भडाभडा सुटले. त्यात बाबांचा होता. एकच, चहाच्या वेळेचा. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"अगं, बाबा गच्चीत झाडांना पाणी घालतायत. फोन घरात ठेवलाय. झालंय काय?"

तिचा जीव भांड्यात पडला. ती खुर्चीत कोसळली, रडली, रडता रडता हसली. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

"हे बघ," चष्मेवाला हळूच म्हणाला.

फलकावर एकाच पट्ट्याचे निरोप एकाखाली एक आले होते. पहिले लागोपाठ, उजाडायच्या आधीचे. मग थांबून थांबून. शेवटचा बऱ्याच वेळानं, उन्हं वर आल्यावरचा. त्यानंतर काही नव्हतं. चष्मेवाल्यानं अँब्युलन्सला फोन लावला.

तिच्या टेबलावरचा फोन वाजला. पलीकडे एक बाई धापा टाकत जिना उतरत होती.

"माझ्या आईचे निरोप आलेत, एकदम सगळे. मी निघालेय, जवळच राहते मी, पोचतेच." आणि मग तिनं विचारलं, "आत्ताच दाबलंय ना हो तिनं?"