वाघमारे काकांचं अहो-जाहो

रिहॅबमध्ये काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत. हिवाळी कोटाच्या खिशात जुने रुमाल सापडावेत तसे ते सापडत राहतात. मी नागपूरची. नव्वदच्या दशकात अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या एका हॉस्पिटलात फिजिकल थेरपिस्ट होते. रुग्णांच्या व्यायामाच्या आमच्या जिमला भलीमोठी खिडकी होती. बाहेर दिवसभर बर्फ भुरभुरायचा आणि आत सगळे पाण्याखाली असल्यासारखे सावकाश हलायचे. ती खिडकी मला अजून स्वप्नात दिसते.

जवळच्याच नोव्हाय गावचे वाघमारे काका गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. कार बर्फावरून घसरली, डोक्याला मार लागला. हाडं शाबूत होती, इंग्रजीही शाबूत होतं. पण पाय उचलायचा म्हटलं की पाय विचारात पडायचा, आणि कालचं आज आठवायचं नाही.

*

त्यांना कितपत भान आहे ते तपासायला माझी सीनियर लिंडा पहिल्याच सकाळी त्यांना म्हणाली, "आपण आत्ता कुठे आहोत?"

काकांनी हात जोडले. "जय भीम."

लिंडाने खुशीत कागदावर ‘बरोबर’ अशी खूण केली. तिला ‘जिम’ ऐकू आलं होतं! मी खरं काय ते सांगितल्यावर तिने खूण खोडली, आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच हात जोडून "जे बीम" म्हणू लागली. काका तिला फार मानायचे.

*

काकांच्या शेजारच्या मॅटवर डेव्ह असायचा. तळ्यात सूर मारताना त्याच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली होती. कमरेखाली काही कळायचं नाही.

"तुझ्यात आणि माझ्यात फरक काय?" काकांनी त्याला विचारलं.

डेव्ह म्हणाला, "माझी टेलिफोनची वायर तुटलीय. तुमची वायर ठीक आहे, ऑपरेटर झोपलाय."

आम्हाला कॉलेजात हेच शिकवायला जाडजूड पुस्तकं लागली होती.

*

काका रोज सकाळी डेव्हला नव्याने विचारायचे, "तू व्हीलचेअरमध्ये का बसलास?" आणि डेव्ह रोज नवी थाप मारायचा. कधी शार्कने धरलं, कधी सर्कशीत झोक्यावरून पडला. मिशिगनच्या तळ्यात शार्क! काका प्रत्येक वेळी मनापासून हळहळायचे.

एका सकाळी डेव्हने विमानातून उडी मारल्याचं सांगितलं. काका त्याच्याकडे बघत राहिले. "काल तर सर्कस म्हणाला होतास. खोटारडा आहेस."

काल! काकांना काल सापडला होता. लिंडाने टाळ्या वाजवल्या, माझे डोळे भरून आले. डेव्हने मात्र व्हीलचेअर खिडकीकडे वळवली. "म्हणजे आता यांना खरं सांगावं लागणार," तो म्हणाला.

*

काकू रोज नोव्हायहून ड्राइव्ह करून डबा घेऊन यायच्या. काका अर्धवट उठायचे. "बसा ना बाई. तुम्ही कशाला त्रास घेतलात?"

अर्थ विचारून घेऊन लिंडा म्हणाली, "किती सभ्य नवरा आहे!"

काकू हसल्या. मग हळूच मला म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ह्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नाही गं. मी कोण, हेच माहीत नाही यांना."

लिंडाने सुचवलं म्हणून काकूंनी लग्नाचा फोटो आणला. काकांनी तो लगेच ओळखला, आणि काकूंनाच दाखवला. "ही माझी मिसेस. नागपूरला असते. तिला इकडे आणायचंय."

"छान आहेत हो," काकू म्हणाल्या, आणि डबा धुवायला गेल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

*

बर्फ वितळायला लागला तेव्हाची गोष्ट. काका पॅरलल बार्समध्ये, म्हणजे आधाराच्या दोन दांड्यांमधून, पहिल्यांदाच हात सोडून चालणार होते. त्यांच्या कमरेचा पट्टा धरून मी मागे, लिंडा बाजूला. समोरच्या टोकाला काकू खुर्चीवर, पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या. खिडकीतून इतका उजेड येत होता की सगळेच थोडे पुसट दिसत होते.

काकांनी एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. मग थांबले, डोळे बारीक करून समोर बघितलं, आणि कपाळाला ही आठी.

"अगं, बघत काय बसलीस? मला दिसत नाहीये. चष्मा आण ना माझा!"

पर्स खाली पडली. लिंडा घाबरली. "ते चिडलेत का? थांबवू या का?"

"नो, नो," काकू डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या. "लेट हिम शाउट."