अप्पांची अमेरिकेतली आडत

ज्या माणसानं जन्मात टीव्ही पाहिला नाही आणि फुटबॉलला कधी पाय लावला नाही, तो अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलच्या प्रक्षेपणहक्कांवर न थांबता दीड तास बोलू शकतो, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण असा माणूस शुक्रवार पेठेत आमच्या दारासमोरच राहत होता, आणि शाळेत शिकवून घरी यायला मला दुसरी वाट नव्हती. आमचे समोरचे अप्पा! मूळचे दुधनीचे, तुरीचे आडते. शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देण्यात उभा जन्म गेलेला. कपाळावर विभूतीचे पट्टे, खांद्यावर रुमाल, आणि पंचाहत्तर-शहात्तर साली, अख्ख्या सोलापुरात टीव्हीचा पत्ता नसताना, तोंडात सदा एकच विषय: हक्क पुढच्या साली कोण घेणार?

याचं कारण त्यांचा एकुलता एक मुलगा बसू. तो अमेरिकेला शिकायला गेला आणि तिथल्या फुटबॉलचे, म्हणजे तिकडं ज्याला सॉकर म्हणतात त्याचे, सामने टीव्ही कंपन्यांना विकणाऱ्या एका हापिसात चिकटला. एका बड्या कंपनीनं दोन हंगामांचे हक्क घेतले होते. ते तिनं पुन्हा घेतले तर बसूची नोकरी टिकणार. नाही घेतले तर हापिसाला टाळं. ‘तसं झालं तर मी परतच येईन,’ असं त्यानं स्वच्छ लिहिलं होतं. पत्राबरोबर तो तिकडच्या वर्तमानपत्रांची कात्रणं पाठवायचा, आणि मी इंग्रजीचा मास्तर असल्यामुळे ती वाचून दाखवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

गंमत म्हणजे वाचायचो मी आणि कळायचं अप्पांना. जो सामना अजून खेळलाच नाही तो आधीच विकतात कसा, हे माझ्या डोक्यात शिरेना. अप्पा हसले. म्हणाले, “मास्तर, शेतातलं उभं पीक विकत न्हाईत व्हय? तसंच की हे. दाणा भरला तर घेणाऱ्याचं नशीब.” मात्र एका बाबतीत त्यांचं अमेरिकेशी कधीच पटलं नाही. आमच्या बाजारात तेव्हा आडत्या आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटं दाबायचे आणि भाव ठरवायचे. बाजूच्याला कळायचं नाही. बंद खोलीत बोलणी झाली असं मी वाचलं की अप्पांचा पहिला प्रश्न, “रुमाल कुणाचा व्हता?” मी म्हटलं, “अहो, तिथं रुमाल नसतो, वकील असतात.” अप्पा हबकलेच. “यप्पा! मग भाव फुटतोय की हो! असल्यानं कुटं सौदा टिकतोय?” दुसऱ्याच दिवशी त्यांनी चांगला जाड सोलापुरी टॉवेल आणि विभूतीची पुडी टपालानं बसूला धाडली आणि साहेबानं पुढची बोलणी याच टॉवेलाखाली करावीत असं बजावलं. महिन्यानं उत्तर आलं की साहेबांना टॉवेल फार आवडला, त्यांनी तो हापिसात भिंतीवर लावलाय. अप्पा आठ दिवस धुसफुसत होते. “भितीवर? आन् बोटं कुटं दाबणार, भितीत?”

दुसरी रड जाहिरातींची. हा खेळ अर्धा डाव संपेपर्यंत थांबतच नाही, मग जाहिरात घुसवायची कुठं? मागं एकदा म्हणे जाहिरातीसाठी पंच खोटीच शिट्टी वाजवून खेळ थांबवायचे. हे ऐकून अप्पा ताडकन उठले. “हे तर काटा मारल्यागत झालं! आमच्या पोत्यावर आडत्याचं नाव असतंय का न्हाय? तसं त्या पोरांच्या सदऱ्यावर जाहिरात लिवा म्हणावं. पळतील तितं जाहिरात पळंल.” हा सल्ला त्यांनी माझ्याकडून इंग्रजीत लिहवून घेऊन थेट त्या कंपनीला पाठवला. तेव्हा मी मनातल्या मनात हसलो होतो. आज टीव्हीवर खेळाडूंच्या छातीपाठीवर काय काय लिहिलेलं दिसतं, ते पाहून माझीच मला लाज वाटते.

अक्कांना, म्हणजे अप्पांच्या बायकोला, यातलं काही नको होतं. दर सोमवारी नवराबायको जोडीनं सिद्धेश्वराला जायचे. अप्पा मागायचे, करार होऊ दे. अक्का त्याच पायरीवर मागायच्या, मोडू दे. “त्या टीवीचं वाटोळं झालं की माझं लेकरू घरी येतंय,” असं त्या मला रस्त्यात थांबवून सांगायच्या. देवाची काय पंचाईत झाली असेल, तोच जाणे.

शेवटी देवानं अक्कांचं ऐकलं. त्या कंपनीनं पुन्हा हक्क घेतले नाहीत. पत्र मीच वाचलं. अप्पांनी अमेरिकेतल्या समस्त व्यापाऱ्यांचा उद्धार केला, रुमाल न वापरल्याची फळं म्हणाले, आणि तोंड पाडून बाहेर पडले ते थेट सुताराकडे. संध्याकाळी हातगाडीवर नवाकोरा पलंग आला. वरची खोली चुना लावून झाली. अक्का गल्लीभर सांगत सुटल्या. अप्पा मात्र उगीच दुखवट्याचा चेहरा करून पलंगाचे पाय हलवून बघत बसायचे.

तीन आठवड्यांनी दुसरं पत्र आलं. बसूला तिथंच दुसऱ्या हापिसात नोकरी लागली होती, बेसबॉलचे हक्क विकायची. परत येणं आता लांबलं. अक्का आत गेल्या. अप्पांनी खांद्यावरच्या रुमालाची घडी घातली आणि म्हणाले, “मास्तर, हे बेसबॉल म्हंजे काय असतंय?”

मला रागच आला. “अप्पा, पोरगा येत नाही, आणि तुम्हाला बेसबॉल सुचतोय?”

“नुसतं ‘कसा हायस बाळा’ लिवलं की ‘मजेत’ एवढंच उत्तर येतंय, मास्तर,” अप्पा हळूच म्हणाले. “हक्काचं कायतरी इचारलं की पोरगं पानंच्या पानं लिवतंय. त्याला वाटतंय बापाला लई नाद हाय. वाटू दे की.”

दोन वर्षं या माणसाची मी टिंगल करत होतो. बेसबॉलमधलं मलाही ओ की ठो कळत नव्हतं, पण कागद घेतला आणि दोघांनी मिळून डोकं खाजवत अकरा प्रश्न काढले. बारावा काही सुचेना. मी पाकीट चिकटवायला घेतलं, तेवढ्यात आतून अक्कांचा ओला आवाज आला, “आजून चार घाला की हो, मास्तर.”